न पुसलेला धोटा

नमस्काराच्या आधी ते तुमची बाही धरायचे. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कापड घ्यायचं, किंचित चुरगाळायचं, डोळे अर्धे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. "सूत बरं हाये. विनई ढिली." त्यानंतर, "हं, जय भीम. बोला." तुमच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष जायचं ते यानंतर. कुणी हसलं, की म्हणायचे, "पहिले कापड पाहू गा, मंग मानूस."

प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे काकाजी म्हणत. सत्तरी ओलांडलेले, काटक, पांढऱ्या बुशशर्टाची गळ्याशी असलेली गुंडीही लावणारे. आयुष्यभर नागपूरच्या एका कापडगिरणीत साच्यावर होते. साचा म्हणजे गिरणीतला माग. त्या आवाजानं त्यांचे कान अर्धेअधिक नेले होते, त्यामुळे ते सगळ्या जगाशी ओरडून बोलायचे आणि जगानंही तसंच बोलावं अशी त्यांची अपेक्षा असायची. सकाळी सातला ते माझ्या फाटकाशी उभे राहून माझ्या तब्येतीची चौकशी करायचे, तेव्हा ती दोन गल्ल्यांना कळायची.

गल्लीतल्या एका लग्नात आम्ही नवरा-नवरीला आहेर द्यायच्या रांगेत उभे होतो. काकाजी स्टेजवर पोचले. नवरदेव वाकला, तर यांनी त्याच्या शेरवानीची कड धरली. फोटोग्राफर थांबला. माइक जवळच होता.

"रेशीम म्हनून देली काय तुले? पालिस्टर हाये बाबू!"

मुलाकडचे सगळे ताठ झाले. काकाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नको. धुवाले सोपं असते. संसार पालिस्टरचाच टिकते."

मी हौशी नाटकवाला. वर्षातून एकदा स्पर्धेत नाटक बसवतो आणि उरलेलं वर्ष ते का हरलं हे सांगत फिरतो. एकदा तालमीत माझा नायक गुडघ्यावर बसून मरत होता, बऱ्यापैकी मरत होता, आणि मागून काकाजी रंगमंचावर चढले. मरणाऱ्या माणसाला ओलांडून ते थेट पडद्यापाशी गेले. चिमूट. डोळे अर्धे मिटलेले.

"हे मखमल नाही गा. मखमलीचं नाटक करून राहिलं हे."

असा माणूस. तुमच्याही गल्लीत असेल एखादा. नसेल तर तुमची गल्ली अपुरी आहे.

त्यांच्या पोटातली गोष्ट मला फार उशिरा कळली. एका रविवारी आम्ही चौकात तर्री-पोहे खात होतो. गिरणी पाडून झालेली होती, तिथं आता काय उभं राहणार याच्या गप्पा चालल्या होत्या. काकाजी एकदम हळू आवाजात बोलले. त्यांचा हळू आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता.

"माझा बा त्याच गिरनीत होता. पन सूतखात्यात. साचेखात्याच्या दारापर्यंत जाये. आत नाही."

"काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि हातानं दाखवायला सुरुवात केली. धोटा म्हणजे लाकडी होडीसारखी वस्तू, वीतभर लांब, दोन्ही टोकांना अणकुचीदार. तिच्या पोटात सुताची कांडी बसते, आणि ती मागावर इकडून तिकडे धावते. कांडी संपली की विणकर नवी बसवतो. तिचं टोक धोट्याच्या बारक्या भोकातून बाहेर काढायचं असतं. त्यासाठी भोकाला तोंड लावायचं आणि श्वास आत ओढायचा. चुक्. सूत ओठाशी येतं. जुन्या साच्यांवर असंच चालायचं. एका पाळीचा माणूस जातो, दुसऱ्या पाळीचा येतो, धोटा तोच.

"आता समजलं?" काकाजी म्हणाले. "आमच्या मानसाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाले कसा लागन? म्हनून आमच्या लोकायले तिथं जागाच नव्हती. बा गेला तसाच. मंग दिवस बदलले. मी लागलो साच्यावर. घरातला पहिला. बाच्या फोटोले हार घालून कामावर गेलो होतो मी."

"मग झालं की!"

"झालं नं." ते हसले. "माझ्या साच्यावर दुसऱ्या पाळीले जो मानूस होता, सोन्यासारखा मानूस. माझ्या पोरीच्या बारशाले आला. बायको दवाखान्यात होती तं रात्रभर बसला. पन धोटे त्याचे येगळे. पेटीत, कुलपात. मी रोज पाळी सुटताना माझा धोटा रुमालानं पुसून साच्यावर ठेवो. म्हटलं, तो घेईन एखांद्या दिवशी. तोही म्हातारा झाला, मीही झालो, गिरनी बंद पडली. नाही घेतला गा."

मग चमचा उचलून त्यांनी पोह्यांवर आणखी तर्री मागितली आणि नेहमीच्या आवाजात पोहेवाल्याच्या अॅप्रनवर टीका केली. पण त्या दिवशी मला कळलं, की या माणसाला जगाकडून नेमकी एकच गोष्ट यायची बाकी आहे, आणि ती देऊ शकणारी गिरणीच आता राहिलेली नाही.

त्यांची मुलगी स्कॉटलंडमध्ये नर्स आहे. तिनं वडिलांना उन्हाळ्यात बोलावलं, आणि फोनवर मला म्हणाली, "दादा, बाबा एकटे कसे येतील, कुणीतरी सोबत..." तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी बॅग काढली होती. माझा हा त्याग आमच्या घरात अजून नीट समजला गेलेला नाही.

तिथल्या विमानतळावर शिक्के मारणाऱ्या साहेबांनी काकाजींना काचेजवळ बोलावलं. काकाजींनी काचेखालच्या फटीतून हात घातला आणि साहेबांच्या कोटाची बाही धरली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा साहेब स्वतःच्या बाहीकडे पाहत होते आणि काकाजी मान डोलवत मला सांगत होते, "लोकर हाये. येऊ देतीन."

येऊ दिलं.

आल्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी रस्त्यात एक माणूस घागरा घालून पिशवीचं वाद्य वाजवत होता. गाल फुगलेले, हात गुंतलेले, म्हणजे काकाजींच्या दृष्टीनं सगळ्यात सोयीचं गिऱ्हाईक. "बाबा! नको!" मुलगी धावली, पण घागऱ्याची कड चिमटीत गेलेली होती. वाद्य थांबलं नाही. वाजवणाऱ्यानं फक्त एक डोळा मिचकावला. "ट्विल हाये गा! तिरपी विनई!" काकाजी ओरडले, नातेवाईक भेटल्यासारखे.

हे पाहूनच मुलीनं ठरवलं, की यांना विणकरांच्या एका गावी न्यायचं. गावाचं नाव लिहीत नाही. ते लिहितात एक आणि उच्चारतात भलतंच, आणि मला दोन्ही जमत नाही. तासाभराचा बसचा प्रवास, मग एक नदी, आणि नदीच्या वळणावर ते गाव. कोळशाच्या धुरानं केव्हातरी काळी पडलेली दगडी घरं, कामगारांसाठी बांधलेली, एकाला एक चिकटून. जुना दगडी पूल. आणि त्या सगळ्यांच्या वर पाच मजली गिरणी. ओळीनं खिडक्या, शेवटी धुराडं.

मी नाटकवाला आहे, मला सेट पाहून भारावायची सवय नाही; मागून बांबू दिसतात. पण तिथं मी तोंड उघडं ठेवून उभा राहिलो. काकाजींनी पांढरी टोपी काढून हातात घेतली होती.

"हे तं आपलीच हाये," ते म्हणाले. "खिडक्या पाय. त्याच खिडक्या."

गिरणी बंद होऊन जमाना झाला होता. पण तिथल्या लोकांनी ती पाडली नव्हती. झाडून पुसून, दोन साचे चालते ठेवून, ते ती लोकांना दाखवत होते. दाराशी तिकीट होतं. काकाजींचा विश्वास बसेना. "आमच्याइथं भोंगा बंद पडला तं लोक म्हने, बरं झालं, झोप लागन. इथं आवाज आयकाले तिकीट काढून राहिले लोक!"

आत साचा दाखवायला एक बाई होत्या. काकाजींच्याच वयाच्या. ठेंगण्या, लालबुंद गालांच्या, अॅप्रनच्या खिशात कात्री. तरुणपणी याच गिरणीत विणकर होत्या, आता आठवड्यातून काही दिवस हौसेनं येत. भिंतीवर पाटी होती: धोट्याला तोंड लावू नये. म्हणून त्या पाहुण्यांना एका बारीक आकड्यानं सूत ओढून दाखवत होत्या.

"आकडा कायले?" काकाजी गरजले. "तोंडानं वढ म्हना तिले!"

मुलीनं भाषांतर केलं. बाई थांबल्या. त्यांनी काकाजींना वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मग, मंडळी, मी शपथेवर सांगतो, पुढे होऊन त्यांनी काकाजींच्या शर्टाची बाही चिमटीत धरली.

काकाजींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची बाही कुणाच्या तरी चिमटीत पाहिली. ते लाजले.

"विणकर?" बाईंनी विचारलं.

"साचेवाला," काकाजी हनुवटी वर करून म्हणाले. याचं भाषांतर करायची गरज पडली नाही. बाईंनी त्यांच्या हातात धोटा ठेवला.

"पण पाटी..." मुलगी म्हणाली.

"पाटी पाहुण्यांसाठी आहे," बाई म्हणाल्या. "हे कुठे पाहुणे आहेत?"

काकाजींनी कांडी बसवली. भोकाशी ओठ नेले. चुक्. सूत बाहेर. बाईंनी दांडा ओढला आणि साचा सुरू झाला. त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. तो कानाला कमी आणि तळपायाला जास्त ऐकू येतो. पण काकाजी! वाकलेली पाठ सरळ झाली. एक हात साच्यावर, नजर कापडावर, शरीर त्या ठोक्याबरोबर किंचित हलत होतं. आजूबाजूचे पर्यटक कानांवर हात ठेवून मागे सरले. एवढ्या गदारोळात तो एकच माणूस मला पूर्ण शांत दिसला.

कांडी संपली, साचा थांबला. धोटा काकाजींनी बाहेर काढला. आता पाळी बाईंची होती. त्यांनी हात पुढे केला.

काकाजींनी खिशातून रुमाल काढला.

मुलीचा चेहरा मी पाहिला. तिला ती गोष्ट माहीत होती. "बाबा, राहू द्या," ती म्हणाली.

"नाही वं. दुसऱ्याच्या तोंडात जाईन ते. पुसून देतो. सांग तिले."

"काय करतायत ते?" बाईंनी विचारलं.

"पुसून देतायत."

"का?"

या "का"चं उत्तर त्या गिरणीत, त्या बाईंना, कुठून सुरू करून सांगायचं? बाईंचा हात पुढेच होता. बाईंनी क्षणभर वाट पाहिली आणि मग, घरच्या माणसाच्या हातून एखादी वस्तू घ्यावी तसा, रुमाल लागायच्या आत धोटा काढून घेतला. कांडी बसवली. ओठ लावले.

चुक्.

"इतकी वर्षं धोटे ओढून माझे दात अजून माझेच आहेत," त्या सूत ओढून म्हणाल्या. "घाबरायचं तर त्या दातांनी घाबरावं." आणि साचा सुरू केला.

काकाजी हातात रुमाल घेऊन तसेच उभे. ते रडले असते तर मला सोपं गेलं असतं, रडणारी माणसं मी बसवली आहेत स्टेजवर. ते रडले नाहीत. ते बाईंच्या ओठांकडे पाहत होते, मग धोट्याकडे, पुन्हा ओठांकडे. मग त्यांनी तो रुमाल चार घड्या घालून खिशात ठेवला. पुढची कांडी त्यांनी भरली. तिच्या पुढची बाईंनी. मग त्यांनी. मध्येच बाई त्या आवाजात तोंड मोठं करून काहीतरी बोलायच्या, काकाजीही तोंड मोठं करून उत्तर द्यायचे, दोघंही हसायचे. काय बोलणं झालं ते मला अजून माहीत नाही. विचारलं तर काकाजी म्हणाले, "गिरनीतलं होतं. तुले नाही समजाचं."

निघताना त्यांनी मुलीकडून विचारून घेतलं, की हे इतकं कापड विणता, त्याचं करता काय?

"चौकोनी तुकडे कापतो," बाई म्हणाल्या. "कडा शिवतो आणि खाली दुकानात विकतो. लोक कपबश्या पुसायला नेतात."

"कपबश्या?" काकाजींनी मुलीला दोनदा विचारलं. "सोताच्या घरच्या?"

"हो बाबा. स्वतःच्या घरच्या."

आम्ही पुलापर्यंत आलो. पुलावर थांबून त्यांनी नदीकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "बा, आयकलं का?"

काकाजी या हिवाळ्यात गेले. मी आता, कुणी बाही न धरता, लोकांच्या घरी जातो आणि मला उघडं उघडं वाटतं. त्यांच्या मुलीचा परवा फोन आला. ती पुन्हा त्या गावी जाऊन आली होती. साच्यावर नवं कापड चढलं होतं. आपल्या बाबांनी त्या दिवशी विणलेल्या कापडाचा तुकडा मिळेल का म्हणून तिनं दुकानात चौकशी केली, तर तो तागा केव्हाच कापून विकून झाला होता. एक तुकडाही शिल्लक नव्हता. कोण कुठे घेऊन गेलं, कुणाला ठाऊक.

म्हणजे या क्षणी, मंडळी, कुठल्या तरी देशात, आपल्याला माहीत नसलेल्या एखाद्या स्वयंपाकघरात, कुणी तरी जेवणं आटोपल्यावर धुतलेले पेले त्या कापडानं आतून बाहेरून पुसत असेल, आणि उद्या पाणी प्यायला एकेक फळीवर उपडा मांडत असेल.