गोळीनं उतरलेला ताप

बायाक्काला सर्दी होत नाही. नाक वाहिलं तर सुताची धूळ, शिंक आली तर सुताची धूळ, घसा बसला तरी तीच. वडगावात आमच्या शेजारच्या घरात तिचा उभा जन्म मागापाशी गेला, त्यामुळे पुष्कळदा ते खरंही असतं. म्हणूनच तिच्याशी वाद घालताना जीव मेटाकुटीला येतो.

गेल्या थंडीत तिची लेक सुवर्णा निपाणीहून पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगा झाला. खटखटीनं बाळ दचकतं म्हणून बायाक्कानं नवऱ्याला, यल्लाप्पांना, माग बंद ठेवायला लावला. बाळाला तेल लावणं, न्हाऊ घालणं सगळं तिच्याच हातानं. सुईणीलासुद्धा तिनं वाटेला लावलं.

एक दिवस सकाळी मी सुवर्णाला अळिवाचे लाडू घेऊन गेले, तर बायाक्का चुलीपाशी तेल कोमट करत बसलेली. डोळे लालभडक, आवाज पार बसलेला.

"आक्का, तुम्हाला ताप आहे."

"पहाटे आलता. गोळी खाल्ली, उतरला. आता नाकात जरा धूळ ऱ्हायलीया."

"कसली धूळ?" यल्लाप्पा दारातून म्हणाले. "पोरगं घरात आल्यापासनं माग बंद हाय की."

"तुम्ही गप बसा. जुनी धूळ हाय ती!"

जुनी धूळ! मी लाडवाचा डबा खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. कॉलेजात जीवशास्त्र शिकले ते ह्यासाठीच बहुतेक.

"आक्का, धूळ आत जाऊन पिलावळ वाढवत नाही. विषाणू वाढवतो. तो पेशीत शिरतो आणि तिचंच सामान वापरून स्वतःच्या नकला काढतो. पण पेशीत उपजतच राखणदार असतात. हा विषाणू त्यांनी आधी कधी पाहिलेला नसला तरी चालतं. असल्या घडणीचा माल आपल्या घरात नसतो, एवढं त्यांना कळतं. मग ती पेशी हाकाटी करते. शेजारच्या पेशी दारं लावून घेतात, पांढऱ्या पेशी धावत येतात. त्या हाकाटीनंच मेंदू ताप चढवतो, अंग ठणकतं."

"म्हंजे माझंच अंग मला मारायलंय?"

"तुमच्यासाठी भांडतंय. घरात भांडण झालं की भांडी आपटतातच."

"मग मी गोळी खाऊन भांडण मिटवलं की गं!"

मला केस उपटावेसे वाटले. "मिटवलं नाही, नुसता आरडाओरडा बंद केलात. अंग दुखतंय तर खा ना गोळी, कोण नको म्हणतंय! पण विषाणू नाकातोंडात तसाच आहे. एक शिंक आली की पोराच्या तोंडावर."

"का, पोराच्या अंगात न्हाईत व्हय तुझी ती राखणदारं?"

प्रश्न बरोबर होता. बायाक्का मूर्ख मुळीच नाही, तोच तर त्रास आहे.

"आहेत, पण अजून कच्ची. आईकडून थोडी शिदोरी मिळालीय, ती सगळ्या रोगांना पुरत नाही. एवढ्याशा बाळाला ताप आला तर घरी वाट बघत बसता येत नाही. सरळ दवाखान्यात न्यावं लागतं."

 तिनं तेलाची वाटी उचलली. "माझी पोरं मी अशीच वाढवली. मेली व्हय?" म्हणत ती बाळंतिणीच्या खोलीकडे निघालीसुद्धा. यल्लाप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी यल्लाप्पांकडे. आत सुवर्णानं बाळाला छातीशी धरलं.

"आई, नको गं," ती हळूच म्हणाली.

बायाक्का उंबऱ्यातच उभी राहिली. तेवढ्यात पहाटेच्या गोळीचा जोर संपला असावा. तिला अशी हुडहुडी भरली की दात वाजायला लागले आणि वाटीतलं तेल मनगटावरून खाली ओघळलं.

"वारं लागलं," ती म्हणाली. दारं-खिडक्या सगळ्या बंद होत्या.

कुणी हसलं नाही. तिनं बाळाकडे पाहिलं, आणि त्या तोंडाळ बाईच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा भीती दिसली. ती दोन पावलं मागं आली, वाटी जमिनीवर ठेवली.

"घे, तू घाल न्हाऊ," मला म्हणाली. "आन् आधी हात धू. साबणानं!"

हे मला!

त्या दिवसापासून बाळाची आंघोळ माझ्याकडे आली आणि बायाक्का अंगणात, नाकाला पदर लावून, खिडकीतून ओरडायला. "हळू गं, पोरगं हाय, कणीक न्हवं!" "पाय वरनं खाली वढ!" "शिकलीस लई, पर पोरगं धराय येत न्हाय!" ताप गेला तरी खोकला होता, म्हणून मी तिला आत येऊ दिलं नाही. रोज सकाळी ती विचारायची, "आज?" मी म्हणायची, "नाही." मग माझ्या माहेरापासून सगळ्यांचा उद्धार व्हायचा. पण उंबरा तिनं ओलांडला नाही.

खोकला पुरता थांबला तेव्हा ती हात धुऊन आत आली. बाळ खणखणीत होतं. तिनं त्याला मांडीवर घेतलं, टाळूपासून तळव्यापर्यंत चाचपलं, उलटं करून पाठ पाहिली. शाबासकीची आशा मला नव्हतीच. पण तरी.

"नाक वढलं न्हाईस गं ह्याचं!" ती किंचाळली. "बघ कसं बसकं झालंय!" आणि अर्धी गल्ली गोळा होईपर्यंत ती तेलाच्या बोटानं त्या इवल्याशा नाकाला चिमटे काढत राहिली.