गाडीत बसू नका

"मला जरा भीती वाटते हं," असं म्हणून सर मुलाखत सुरू करायचे. आधी पाण्याचा घोट, मग रुमालाने दोन्ही तळवे पुसणं, आणि मग हे वाक्य. समोर स्क्रीनवर परभणीकडचा कुणीतरी उमेदवार इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसलेला असायचा. घाबरायचं त्याने, आणि घाबरलेले हे. उमेदवार गोंधळायचा, मग हसायचा आणि मोकळेपणाने बोलायला लागायचा. पुष्कळ दिवस मला वाटत होतं की ही सरांची युक्ती आहे. पण तसं नव्हतं. त्यांना खरंच भीती वाटायची.

आमचं ऑफिस सिंगापूरच्या तोआ पायोह भागात, टाउन सेंटरमधल्या एका जुन्या इमारतीत. मराठवाड्यातल्या काही तालुक्यांत शेतीविकासाचा एक प्रकल्प आमची संस्था चालवते. प्रत्येक तालुक्याच्या ऑफिसात एक सहायक लागतो. फोन घेणारा, मातीचे नमुने नोंदवणारा, आलेल्या शेतकऱ्याला 'बसा' म्हणणारा. या जागांसाठी तिकडे फार वशिले लागतात, म्हणून मुलाखती सिंगापूरहूनच घ्यायच्या असं ठरलं आणि ते काम सरांकडे आलं. मी हिशेब बघायची. माझं टेबल त्यांच्या शेजारी, त्यामुळे प्रत्येक मुलाखत माझ्या कानावर पडायची.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. रस्त्यावर एकही गाडी नसताना हिरव्या दिव्याची वाट बघत उभा राहणारा. खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून पिशवीत कॉफी घ्यायची, पण एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, काही पिण्याला दंड असतो, कुणी बघेल म्हणून पिशवीला हातही लावायचा नाही, घरी जाऊन गार कॉफी प्यायची, असं त्यांचं चाले. त्यांची मुलगी इथेच शिकलेली. ती त्यांना फोनवर इथल्या ढंगात "रिलॅक्स लाह, बाबा," म्हणायची आणि हे "हो, हो" म्हणत फोन ठेवून घराचं दार नीट लावलं होतं का, ते आठवत बसायचे.

एकदा एक मुलगी रेंज मिळावी म्हणून गच्चीच्या कठड्यावर बसून मुलाखत देत होती. सरांनी पहिला प्रश्नच विचारला नाही. आधी खाली उतरा, मग मधोमध बसा, म्हणू लागले. मधोमध रेंज नव्हती. आवाज तुटत होता, चेहरा दिसत नव्हता, पण तिने कठड्यापासून हलावं यातच त्यांना समाधान होतं. तिची निवड झाली. आजही ती तिथे काम करते.

ज्यांची निवड होत नसे, त्यांना ते स्वतः फोन करायचे. संस्थेचा तसा नियम नव्हता. पण मुलाखत दिलेला माणूस रोज मोबाईल बघत बसला असेल, या कल्पनेने त्यांना जेवण जात नसे. फोन करताना ते उभे राहायचे. "ताई, या वेळी जमलं नाही," इतकंच सांगायचं असे, पण तेवढ्याने त्यांचा शर्ट पाठीला चिकटायचा.

सुरेखाला त्यांनी असाच फोन केला होता. तिशीची, नवऱ्यापासून वेगळी होऊन भावाकडे राहणारी, बी.कॉम. झालेली. मुलाखत चांगली झाली होती, पण दुसऱ्या एका बाईला शेतकरी गटांच्या कामाचा अनुभव होता, म्हणून जागा तिला गेली. सुरेखा रडली वगैरे नाही. पुढच्या वेळी घ्याल का, एवढंच तिने विचारलं. सर म्हणाले, बघू. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, मी 'बघू' म्हणायला नको होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी, जेवणाची सुट्टी संपत असताना, त्यांच्या मोबाईलवर तिचा व्हॉट्सॲप कॉल आला. त्यांनी तो स्पीकरवर घेतला; आवाज आनंदाचा होता. सर, मी बँकॉकला पोचले, म्हणाली. प्रकल्पाच्या परदेशातल्या ऑफिसात सहायकाची जागा मिळाली, तुम्ही शिफारस केलीत म्हणून आभार मानायला फोन केला. तुमच्याच ऑफिसातल्या दुसऱ्या सरांनी सगळं करून दिलं. आता बाहेर गाडी आली आहे.

आमचं बँकॉकला ऑफिस नाही. दुसरे सरही नाहीत.

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ गेले. नोकरीच्या नावाने माणसं नेतात, सीमेपलीकडे कोंडून ठेवतात, त्यांच्याकडून फसवणुकीचे फोन करवून घेतात, हे आम्ही सगळ्यांनीच वाचलं होतं. कुणीतरी आमच्या प्रकल्पाचं नाव वापरलं होतं. तिला नाकारलं गेलं हेसुद्धा त्या माणसाला कळलं होतं. कसं, ते आम्हाला अजून माहीत नाही.

"ताई, पासपोर्ट कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

तो तिच्याच पर्समध्ये होता. ड्रायव्हर मागत होता, पण आधी फोन करून घेते म्हणून तिने दिला नव्हता.

"देऊ नका. मागे वळा आणि आत जा. माहितीच्या काउंटरपाशी उभ्या राहा. गाडीत बसू नका."

 तिचा आवाज बदलला. तिला वाटलं, यांनी एकदा नाकारलं आणि आता मिळालेली नोकरीही यांना बघवत नाही. तसं तिने बोलूनही दाखवलं. ते दुसरे सर किती आपुलकीने बोलतात, तिकीटसुद्धा त्यांनीच पाठवलं, असंही म्हणाली. मागून कुणीतरी बाई मराठीत म्हणाली, "चला ना ताई, उशीर होतोय." गाडीत आणखी एक जण आधीच बसलेली आहे, असं सुरेखाने सांगितलं.

सर उभे राहिले. एक हात त्यांनी टेबलावर टेकवला. आवाज कसाबसा धरून ठेवला.

"मी तुम्हाला नाकारलं. माझा राग असेल तर तो राहू द्या, घरी जाऊन मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. पण तुम्हाला नोकरी देणारा माणूस तिथे कुणी नाही. मला फार भीती वाटते आहे, ताई. आत जा. त्यांनाही हाक मारा."

तिने हाक मारली, ते आम्हाला ऐकू आलं. "अहो, उतरा जरा," असं काहीतरी. मग एका पुरुषाचा आवाज, धडपड, आणि फोन बंद.

त्यानंतरची दुपार मला नीट सांगता येणार नाही. सर पुन्हा पुन्हा तिचा नंबर लावत होते. मी बँकॉकमधल्या आपल्या वकिलातीला फोन करत होते आणि कुणीतरी मला शांतपणे नाव, गाव, विमान विचारत होतं. विमान कोणतं ते आम्हाला माहीत नव्हतं. सरांनी तिच्या भावाला फोन करायला हवा होता. ते नंबर काढून बसले, पण लावेनात. काय सांगू, असं मलाच विचारत राहिले. शेवटी मी फोन हातात घेतला. तेवढ्यात ऑफिसचा जुना फोन वाजला, जो सहसा वाजतच नाही.

पलीकडे विमानतळावरची एक कर्मचारी होती. तुटक इंग्रजीत म्हणाली, एक भारतीय बाई इथे बसली आहे, रडते आहे, तुमच्या संस्थेचं नाव घेते आहे, म्हणून नेटवर नंबर शोधला. सरांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. तिकडून सुरेखा बोलायला लागली आणि हे नुसतं "हो, हो" म्हणत खाली फरशीवर बसले.

ड्रायव्हरने मोबाईल हिसकावला होता. बॅग गाडीतच राहिली होती. पर्स छातीशी धरून ती आत पळाली होती. दुसरी बाई उतरली नव्हती. सुरेखाने काच वाजवली, तर तिने हातानेच 'नको' केलं, आणि गाडी निघून गेली.

वकिलातीने सुरेखाला परत पाठवलं. तक्रारी झाल्या, आमच्या संस्थेने खबरदारीची सूचना काढली. पुढच्या भरतीत तिने पुन्हा अर्ज केला नाही. ती परभणीत एका दुकानात कामाला लागली, असं तिच्या भावाने कळवलं.

दुसरीचं काय झालं, ते कुणालाच कळलं नाही. सुरेखाला तिचं नावही माहीत नव्हतं. बोलण्यावरून आपल्याच बाजूची वाटली, एवढंच.

सरांनी नाकारलेल्या प्रत्येक उमेदवाराला पुन्हा फोन करायला घेतलं. परदेशातल्या नोकरीचं कुणी विचारलं होतं का, एवढंच विचारायचे. त्यांचा नंबर बघून समोरची माणसं हरखायची, जागा निघाली असं त्यांना वाटायचं. मग सर खालच्या आवाजात समजावून सांगायचे. एकदा मी म्हटलं, सर, पुरे आता. ते म्हणाले, त्या बाईने मागून "उशीर होतोय" म्हटलं, तो आवाज मी कुठल्यातरी मुलाखतीत ऐकला असेल, तर?

मुलाखती ते घेतच राहिले. फक्त सुरुवातीचं ते वाक्य बंद झालं. आता ते खरोखरच इतके घाबरलेले असायचे की तसं म्हणणं त्यांना हलकं वाटत असावं.

प्रकल्पाचा टप्पा संपला आणि त्यांच्या इथल्या कामाच्या परवान्याची मुदतही. पुण्याला परत जायचं ठरलं. मी त्यांना चांगी विमानतळावर सोडायला गेले होते. वेळ होता, म्हणून आम्ही खाली आगमनाच्या बाजूला चहा घेत बसलो. समोर खांबापाशी एक मुलगी मोठी बॅग घेऊन एकटीच उभी होती, भारतीय, विशीबाविशीची. ती मोबाईल बघत होती आणि मान उंचावून दाराकडे बघत होती.

सरांनी कप खाली ठेवला. मला काही न सांगता ते तिच्याकडे गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. मुलगी जरा मागे सरकली, मग हसली. सर तिच्यापासून दोन हात लांब, हात मागे बांधून उभे राहिले. त्यांच्या विमानाची वेळ जवळ येत होती. मी खूण केली, पण त्यांनी बघितलं नाही.

शेवटी एक बाई धावत आली आणि त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सर तरीही थोडा वेळ तिथेच उभे होते. मग परत आले, बॅग उचलली.

"बहीण आहे," ते म्हणाले. "नाक सारखं आहे दोघींचं. मी नीट बघितलं."

आणि घाईघाईने वर निघून गेले.