टाकीच्या तोंडावरचा एको

जहाजाच्या पोटातल्या टाक्या आम्ही खरवडायचो. गंज काढायचा, पुसायचं, मग टाकी रंगाऱ्यांच्या ताब्यात द्यायची. आत वरचं बोलणं कळत नाही. चारी बाजूंनी लोखंड, एका शब्दाचे दहा होऊन अंगावर येतात. म्हणून टाकीच्या तोंडावर एक माणूस बसवतात. मुकादम बोलेल ते तो आत सांगतो. एक शब्द टाकायचा, तो घुमून विरू द्यायचा, मग दुसरा. पदरचं काही घालायचं नाही. संध्याकाळपर्यंत घसा सोलून निघतो.

आमच्या टाकीवरच्या या माणसाला सगळे एको म्हणायचे. इंग्रजीत भिंतीवरून परत येणारा आवाज म्हणजे एको, आणि दुसऱ्याची री ओढणाऱ्यालाही तेच नाव लावतात. आमचा फिटर चिनी होता. तो सांगायचा, "आमच्याकडे त्या आवाजाला वेगळा शब्द आणि असल्या माणसाला वेगळा. त्याला ओ देणारा किडा म्हणतात. पोटात राहतो आणि तुम्ही बोलाल तेच बोलतो."

"किडा तुझ्या पोटात," एको म्हणायचा. "भिंतीला कष्ट पडतात का? मला पडतात."

त्याचा धाकटा भाऊ आमच्याच टोळीत होता. एका सकाळी आम्ही टाकीतल्या वरच्या फळीवर थांबलो होतो. खालच्या हवेत विषारी वायू आहे का, ते अजून तपासायचं होतं. मुकादम एकोला म्हणाला, "उतर म्हणावं तुझ्या भावाला." एकोने सांगितलं. धाकटा उतरला आणि तळाशी कोसळला. जगला, पण छातीचा भाता झाला.

चौकशीत मुकादमाने हात झटकले. "मी बोललोच नाही. आत आवाज कोणाचा आला, विचारा यांना." आम्ही एकोचाच आवाज ऐकला होता. तेच सांगितलं.

धाकट्याला हातमोजे वाटायच्या खिडकीवर बसवलं. भावाला मोजे देताना तो तोंड फिरवायचा. भावजय दारातूनच म्हणाली, "भावोजी, तुमचा आवाज ऐकून हे उतरले. तो आवाज माझ्या घरात नको."

एकोने नोकरी सोडली नाही. मी एकदा विचारलं, "त्याच मुकादमाचे शब्द रोज तोंडात कसे घेतोस रे?"

"एक दिवस तो आत जाईल. तेव्हा तोंडावर मी असेन."

"मुकादम कधी आत जातो का?"

"मला घाई नाही."

पुढे एका जहाजमालकाने तक्रार केली, गंज तसाच राहिला म्हणून. साहेबाने मुकादमाला फर्मावलं, स्वतः उतरून बघ. मुकादम फळीपर्यंत गेला आणि तिथेच अडला. हवा तपासणारा एकोला म्हणाला, "हवा ठीक आहे, सांग त्याला," आणि पुढच्या टाकीकडे गेला.

एको गप्प बसला.

"हवा तपासली का?" खालून आलं. मुकादम पुन्हा ओरडला, तर टाकीने त्याचाच आवाज त्याच्या अंगावर टाकला. वर यावं तर साहेबापुढे नाक कापलं जाणार, खाली जावं तर धीर नाही.

"ओ दे की! वाचा बसली का?"

एको वाकला. एकेक शब्द टाकला. "त्या दिवशी, उतर, कोण म्हणालं?"

"हे काय आत्ता? आधी हवेचं सांग!"

एको मागे सरकून बसला. आम्ही भोवती उभे होतो, कोणी हललं नाही. बऱ्याच वेळाने आतून आवाज फुटला, "मी! मीच म्हणालो! सांग आता!"

एको उठला आणि सरळ खिडकीशी गेला. "मुकादम म्हणतो, 'मीच म्हणालो.' सगळ्यांनी ऐकलंय."

धाकटा दम खात बोलला, "हुकूम तुझा नव्हता, ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं, दादा. पण हवा तपासली का, एवढं तू विचारायचंस ना? माझ्यासाठी तरी?"

एको परत येऊन टाकीच्या तोंडाशी बसला. आतला मुकादम शिव्यांवरून विनवण्यांवर आला होता.

"कबूल केलंय त्याने. सांगून टाक," फिटर म्हणाला.

"राहू दे," एको म्हणाला आणि त्याने पाय पसरले.