पोटमाळा कोणाचा?

तुमच्या घरी सतरा वर्षांची मुलगी असेल, तर तिला न विचारता जिथलं काही हलवायचं नाही अशी एक तरी जागा तिच्या वाट्याला आहे का?

हा प्रश्न घेऊन मी दोन वर्षं उपनगरांत फिरतेय. हातात कॅमेरा असतो. अठराव्या वर्षाला टेकलेल्या मुली, आपापल्या खोलीत. खोली म्हणजे काय, ते मुलगी ठरवते. मुलुंडच्या टॉवरमध्ये एकीला स्वतंत्र बेडरूम होती, पण आतली कडी वडिलांनी काढून टाकलेली. कांदिवलीत एकीची खोली म्हणजे कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, काढ.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील कामगार संघटनेचे, त्यामुळे पलंगाखाली गठ्ठेच्या गठ्ठे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. ‘हक्क’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी लिहिता यायचा. पण पाहुणा आला की त्याच घरात पहिली माझी जागा जायची, आणि त्याविरुद्ध कोणी पत्रक काढलं नाही.

घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या एका घरी गेले, त्याआधी मुलीच्या आईने फोनवर चटकन होकार दिला होता. इतका चटकन होकार कधी मिळत नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती. मुलीला मी फोनवर एवढंच सांगितलं होतं, तुझ्या जागेतलं काही हलवायचं नाही. घर एका खोलीचं, स्वयंपाकाच्या ओट्याच्या वर पोटमाळा, चढायला लोखंडी शिडी. मुलगी त्या पोटमाळ्यावर राहायची. नर्सिंगची प्रवेश परीक्षा दीड महिन्यावर होती आणि अभ्यासाला दुसरी जागा नव्हती.

ती खाली उभी होती, मावशीच्या जरीच्या साडीत, केसांत गजरा. मागे भिंतीवर नवीन पडदा टांगलेला. तिचं सगळं सामान, पुस्तकं, हाताने काढलेल्या हाडांच्या आकृत्या, तांदळाच्या गोणीत भरून दाराशी ठेवलेलं.

“बाय, जरा उजेडात काढ हां,” आई मालवणीत म्हणाली. “स्थळाक दाखवूचो आसा.”

म्हणजे मी बायोडाटाच्या फोटोसाठी आले आहे, असं तिला वाटलं होतं. मग बाकीचंही कळलं. मोठ्या मुलाचं लग्न ठरलं होतं, तेही परीक्षेच्या आधी, आणि पोटमाळा नव्या जोडप्याला द्यायचा होता. ते ठरलं तेव्हा मुलगी क्लासला गेली होती.

आता माझी चूक. एवढी पत्रकं वाचलेली मी, समोर चहा आला आणि गप्प झाले. म्हटलं, एक काढून टाकू, आईचं मन राहील. पडद्यासमोर मी तिचा फोटो काढला. ती सरळ कॅमेऱ्यात बघत होती.

“झालं ना तुझं?” ती म्हणाली. “आता माझा काढ. काही हलवायचं नाही म्हणाली होतीस ना, ताई? मग हे काय काढलंस?”

तिने साडीचा पदर कमरेला खोचला, गोणी खांद्यावर घेतली आणि शिडी चढली. आई खालून बोलत राहिली. साडी फाटेल, मावशीला काय तोंड दाखवू, भावाच्या संसाराच्या आड येतेयस. वर ती एकेक आकृती पुन्हा भिंतीला चिकटवत होती. मी शिडीच्या मधल्या पायरीवर उभी राहून थांबले. सगळं लागल्यावर ती वाकून बसली, कारण तिथे ताठ बसताच येत नाही, आणि मला म्हणाली, “काढ.” मी काढला. खाली आल्यावर पडद्यासमोरचा फोटो तिच्यासमोर पुसून टाकला आणि आईला सांगितलं, की तो मी काढायलाच नको होता. आईने माझा चहा उचलून मोरीत ओतला.

तेवढ्यात भाऊ कामावरून आला. तो खलनायक नव्हता. गजरा बघून त्याने विचारलं, “हिचं काय चाललंय?” मुलीने वरूनच सांगितलं, परीक्षा होईपर्यंत मी उतरणार नाही. त्याने शिडी धरून वर बघितलं.

“मग आम्ही झोपायचं कुठे गं?”

“तेच तुम्ही मला विचारायला हवं होतं,” ती म्हणाली. “मी काही सुचवलं असतं.”

आणि तिने सुचवलं. परीक्षेपर्यंत जोडप्याने खाली झोपावं, आईवडिलांनी शेजारच्या काकूंकडे. आई आधी रागाने, मग हिशेबाने ऐकत गेली. परीक्षेनंतरचं काही ठरलं नाही, स्थळाचंही नाही. पुढे पोटमाळा जाईलही. पण तो जाईल तेव्हा ती क्लासला गेलेली नसेल, एवढं तिने त्या संध्याकाळी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं.

तुमच्याकडे लग्न ठरलं असेल, पाहुणा यायचा असेल, घर बदलायचं असेल, तर कोण कुठे झोपणार हे ठरवायला बसाल तेव्हा मुलगी घरी येईपर्यंत थांबा. तिला तुमच्यात बसवा, आणि पहिलं तिला बोलू द्या.