पितळेचा निम्मा भाव

यवतला माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाला लागूनच आप्पांचं भंगाराचं दुकान होतं. रानडुकरांपायी बंदुकीचं लायसन घेतलेले ऊसवाले उडवलेल्या काडतुसांची पितळी बुडं तिथं विकायला आणत, पार मांडवगणहून. आप्पा एकेका बुडाला लोहचुंबक लावून बघायचे. चिकटलं तर आत लोखंड, वर नुसता मुलामा. मग भाव सांगायचे, बाजाराच्या निम्मा.

समोरचा भडकायचा. "आप्पा, लूट लावलीय व्हय?"

आप्पा खूश होऊन स्टूल पुढं सारायचे, दोन चहा सांगायचे आणि अर्धा तास हुज्जत घालायचे. शेवटी पैसे मात्र पुरते द्यायचे. हे कळेपर्यंत मी त्यांना लबाडच समजत होतो. माझ्या जळक्या तारांचा दर आमचा कायमचा ठरलेला, त्यामुळं आमच्यात बोलणं असं नव्हतंच.

एका दुपारी एक शेतकरी बुडांची पिशवी घेऊन आला. मोटरसायकल चालूच ठेवलेली. आप्पांनी निम्मा भाव सांगितला, समोरच्या टपरीवर ओरडून दोन चहाही सांगितले.

"चालंल, द्या," तो म्हणाला.

आप्पा गडबडले. "आरं, लई कमी सांगितलाय मी."

"राहू द्या, आप्पा. टाइम न्हाई."

आप्पांनी पुरते पैसे त्याच्या हातावर ठेवले. तो गेल्यावर चहा आले. एक त्यांनी हातात घेतला, दुसरा रिकाम्या स्टुलासमोर ठेवला.

मी तारांचं पोतं उचललं, त्यांच्या काट्यावर आदळलं आणि स्टुलावर बसलो.

"सांगा भाव," मी म्हणालो. "आन् कमी सांगा."