खिडकीतले जांभळे बटाटे

माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली 'तळमजला' म्हणते. त्यांनी आयुष्यभर घरं रंगवली, पण शिडीच्या दोन पायऱ्या चढल्या की त्यांची पाचावर धारण बसायची. वरचे मजले त्यांचा जोडीदार रंगवायचा, खालचे हे. ताक फुंकून पिणारे पुष्कळ पाहिले. आमचे बाबा साधं पाणीही फुंकून पितील. मी पडले तोंडाळ, त्यामुळे आमचं कसं जमलं याचं मलाच नवल वाटतं.

काम सुटल्यावर त्यांनी परसात बटाटे लावले. लाल सालीचे, पिवळे, कापल्यावर आत गुलाबी कडं दिसणारे, आणि सगळ्यांत लाडके जांभळे. साल गडद, आत पिवळट. धास्ती तिथेही होतीच. पानावर ठिपका दिसला की त्यांना घास जात नसे. झाडांच्या बुडाशी पुन्हा पुन्हा मातीची भर घालायचे, कारण उजेड लागला की बटाटा हिरवा पडतो आणि हिरवा बटाटा विषारी. हे मला त्यांनीच सांगितलं होतं. काढणी झाली की माल जिन्याखालच्या अंधारात खोक्यांत भरायचे, वर गोणपाट टाकायचे, आणि रोज वाकून वास घ्यायचे. एका नासक्या आंब्यानं अख्खी आढी जाते, तसंच बटाट्याचंही.

एवढा जपणारा माणूस, पण जात रंगाऱ्याची. तो जांभळा रंग अंधारात कोंडून ठेवणं त्यांच्या जिवावर आलं. निवडक बटाटे त्यांनी काचेच्या बरणीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. मी हटकलं, तर म्हणाले, रोज बघतो ना, हिरवी झाक दिसली की लगेच काढीन. भिंत आतून बिघडली की आधी रंगात दिसतं, हा त्यांचा उभ्या आयुष्याचा नियम होता. बरणीतला रंग काही बदलला नाही, म्हणून तेही निर्धास्त राहिले. एवढ्या एकाच बाबतीत.

त्या दिवशी पोरीला शाळेला सुट्टी होती, नवरा परगावी आणि मी कामावर. दुपारी घरी आले तर बाबांनी बरणीतले निम्मे बटाटे सालीसकट उकडून, मीठ लावून नातीला भरवले होते. स्वतः अजून जेवले नव्हते. आधी नात, मग आपण. ताटलीत उरलेला तुकडा मी तोंडात टाकला. कडू. लगेच घशात चरचरलं आणि मी तो थुंकून टाकला.

"बाबा, हिनं किती खाल्ले?"

"भरपूर. कडू लागतंय म्हणाली. मी म्हटलं, जांभळ्याची चवच तशी, खा."

पोरगी आतल्या खोलीत पोट धरून पडली होती. मी उचलेपर्यंत तिला उलटी झाली, मग आणखी एक. बरणी काखेत मारली, पोरीला खांद्यावर घेतलं आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात धावले. बाबा मागून अनवाणी आले.

डॉक्टरीणबाईंनी बरणीतला कच्चा बटाटा घेऊन नखानं साल खरवडली. खाली हिरवंगार. गडद सालीवर ते दिसतच नाही, एवढंच त्या म्हणाल्या आणि पोरीच्या हातात सुई लावायला वळल्या. मी बाबांना बोलणार होते. तोंडात शब्द तयार होते, चांगले धारदार. पण ते भिंतीला पाठ लावून खाली बसले होते आणि 'मीच म्हटलं खा, मीच म्हटलं खा' एवढंच पुटपुटत होते. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. ती डोळे उघडीना. ती हातातून जाते की काय, याखेरीज मला दुसरं काही सुचत नव्हतं.

दिवे लागायच्या सुमाराला उलट्या थांबल्या. पोरगी वाचली. दुसऱ्या दिवशी घरी आणली.

बाबांनी मऊ भात कालवला आणि नेहमीसारखा घास तिच्या तोंडापाशी नेला. पोरीनं ओठ घट्ट मिटले. मग हळूच त्यांचा हात मागं सारला.

"आजोबा, आधी तुम्ही खा."

भाताची शितं मांडीवर सांडली. त्यांनी तो घास खाल्ला, गिळला, आणि तोंड उघडून तिला दाखवलं. पोरगी टक लावून बघत होती. मी तिला दटावायला पुढे झाले आणि तशीच थांबले, कारण मीही त्यांच्या तोंडाकडेच बघत होते.