काजळी माशीचा उजवा पंख

छावणीत ताहेराआपाचं घर कुणालाही विचारा. "माश्यांची चित्रं काढते तीच ना?" असं म्हणून माणूस आधी हसेल, मग बरोबर दारापर्यंत पोचवील. कॉलेजातल्या प्राणिशास्त्रवाल्यांना किड्यांची चित्रं लागतात. फोटोत पंखांच्या शिरा धड उमटत नाहीत, म्हणून आपा भिंगाला डोळा लावून त्या हातानं काढते. आणि एकदा का डोळा भिंगाला लागला, की ही बाई गेलीच म्हणायची. शेजारची कडूबाई हाका मारून दमते, चुलीवरचं दूध उतू जातं, आणि आपा आपली कुठल्यातरी पंखावरून अनवाणी फिरत असते.

हा नाद बापाकडून आलेला. गयासमियां हिमरू शालींचे नक्षीकार. शालीवर विणायची बुट्टी आधी कागदावर काढायची, हे त्यांचं काम. त्यांची रीत सोपी होती. डावा अर्धा भाग जीव ओतून काढायचा, कागद दुमडायचा आणि उजवा भाग त्यावरून उतरवून घ्यायचा. लेकीचा हातही त्यांनी तसाच वळवला. शाली दूरदूर गेल्या, दुकानदारांची नावं झाली, गयासमियांचं नाव मात्र कुठंच नाही. नक्षीकारानं नाव घालायचं नसतं, असा रिवाज. ते गेले तेव्हा आपानं घरातली एकुलती शाल उलटीसुलटी करून पाहिली होती, एक अक्षर सापडलं नाही. ते तिला लई लागलं, अजून लागतं.

यंदा मोनिका एक डबी घेऊन आली. मोनिका म्हणजे फुलंब्रीहून रोज येणारी शेतकऱ्याची लेक, पाण्याकाठच्या किड्यांवर संशोधन करणारी. डबीत गौताळ्याच्या जंगलातल्या ओढ्यावर दिव्याला आलेली माशी होती. आल्डरफ्लाय. मराठीत बिचारीला नावच नाही. पंखांना काजळ फासल्यागत रंग, आणि बसली की ते पंख कौलारू छपरासारखे पाठीवरून उतरलेले. मोनिकानं ओळखायच्या खुणा सांगितल्या. नात्यातल्या दुसऱ्या किड्यांच्या माथ्यावर तीन बारके डोळे असतात, हिच्या नसतात. पायाचं शेवटून दुसरं पेर पत्त्यातल्या बदामासारखं दुभागलेलं असतं. पंखांच्या शिरा काठापर्यंत सरळ जातात, तिथं फाटे फुटत नाहीत. नर असता तर पोटाच्या टोकावरून जात ठरवता आली असती. पण ही मादी, तीही एकटीच, तेव्हा सगळी भिस्त पंखांवर.

उजवा पंख अंगाखाली मुडपून वाळला होता. डावा उघडा होता, आणि त्याच्या काठाशी एका शिरेला चक्क फाटा होता.

आपानं डावा पंख काढला. पुढं हातानं हाताचं काम केलं. पातळ कागद दुमडला, उजवा उतरवला, आणि आपण काय केलं ते आपाच्या ध्यानातही आलं नाही.

मोनिकानं चित्र उजेडाला धरून दोनदा पाहिलं. एका पंखाला फाटा म्हणजे त्या एका जिवाची लहर, पण दोन्हीला म्हणजे जातीची खूण. आपानं मुडपलेला पंख उघडून पाहिलाच असणार, असं ती धरून चालली.

"आपा, ही जात अजून कुणालाच ठाऊक नाय," ती म्हणाली. "हिला मी तुमचंच नाव देणार."

मग काय विचारता! आपाचे पाय जमिनीला लागेनात. खिचडीत मीठ नाही, चहात साखर दोनदा. दुपारी खिडकीत ऊन उतरलं की तिला ओढा दिसायचा. पाण्यावर वाकलेली झाडं, पानापानावर काजळी पंख मिटून बसलेल्या माश्या, आणि लांबच्या मुलखातली माणसं त्यांच्याकडं बोट दाखवून हळू आवाजात म्हणतायत, ताहेरा. कधी त्या माणसांत अब्बाही असायचे, शाल पांघरून.

छपाईचं पक्कं चित्र करायची वेळ आली. छटा भरायच्या म्हणून आपानं माशीला ओलाव्यात ठेवून मऊ केलं आणि सुईनं उजवा पंख अलगद उघडला. शीर काठापर्यंत सरळ गेली होती. तिनं भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. फाटा नव्हता. सुई हातातच होती. पंख पुन्हा मुडपला असता तर तसाच वाळला असता आणि कुणी परत उघडायला गेलं नसतं. तिनं सुई टेकवलीसुद्धा. मग ती खाली ठेवली आणि पदरात तोंड घालून मनसोक्त रडली.

मोनिका आली तेव्हा आपानं तिला आधी भिंगापाशी बसवलं. पोरगी कितीतरी वेळ मान वर करीना.

"मग चित्रात दोन्हीकडं फाटा कसा?"

"तो माझ्या हातचा. अब्बांच्या रीतीनं अर्धं काढलं आणि अर्धं दुमडून घेतलं. बुट्टीला चालतं ते, जिवाला नाय चालत."

मोनिका चिडली, तिचे डोळे भरले. शोधनिबंध लिहून तयार होता, कॉलेजातल्या सरांना सांगून झालं होतं. मग तिनं विचारलं, "गप्प बसला असतात तर? तुमचंच नाव होतं ना, आपा."

"म्हणूनच तर सांगितलं, बेटा. माझं नाव घेऊन खोटा पंख कशाला फिरू द्यायचा?"

चित्र नव्यानं झालं. या खेपेला आपानं कागद दुमडला नाही. डावा पंख डाव्यासारखा, उजवा उजव्यासारखा. माशी जुन्याच जातीची ठरली. डाव्या पंखाच्या लहरीपायी चित्र छापायचं तेवढं नक्की झालं. मोनिकानं कागद हातात घेतला, पाहिला आणि पेनासकट परत आपापुढं सरकवला. सही करा म्हणाली. आमच्यात रिवाज नाय, असं आपा म्हणाली खरी, पण पेन तिनं खाली ठेवलं नाही. उजव्या पंखाच्या काठाशी, जिथं शीर सरळ गेली होती, तिथं तिनं खाली बारीक अक्षरात लिहिलं: ताहेरा गयास.